काहीतरी चुकलं आहे, पुन्हा प्रयत्न करा!

ऑनलाइन कामांमुळे रांगा संपल्या, असं आपण मोठ्या कौतुकाने म्हणतो. वीजबिल, रेल्वेचं तिकीट, गॅसचं बुकिंग, मुलांची फी, आजोबांची पेन्शन, सगळं हातातल्या फोनवर आलं. सोय झाली, यात वादच नाही. पण रांग खरंच संपली का? ती आता घरात आली आहे, इतकंच. सोफ्यावर बसून आपण त्या गोल फिरणाऱ्या चकतीकडे बघत असतो. ओटीपी येईपर्यंत वेळ संपते. अख्खा फॉर्म भरून झाला की पान आपोआप बंद होतं. फोटो चढवायला जावं तर तो मोठा आहे म्हणून नाकारला जातो, लहान करावा तर धूसर आहे म्हणून. आणि शेवटी पडद्यावर ते ठरलेलं वाक्य झळकतं, ‘काहीतरी चुकलं आहे. कृपया पुन्हा प्रयत्न करा.’

काय चुकलं? कोणाचं चुकलं? ते वाक्य हे कधीच सांगत नाही. मग आपणच ठरवून टाकतो की आपलंच चुकलं असणार. घरातल्या ज्येष्ठांच्या तोंडी तर हे वाक्य कायमचं बसलं आहे, ‘मला नाही बाई हे जमत. तूच करून दे.’ ज्या आजीने चाळीस वर्षं घराचा पै न् पैचा हिशोब ठेवला, तिला एक अ‍ॅप दोन मिनिटांत अडाणी ठरवतं.

अमेरिकेतले अभ्यासक डॉन नॉर्मन यांनी १९८८ साली रोजच्या वापरातल्या वस्तूंच्या रचनेवर एक पुस्तक लिहिलं. त्यातलं दाराचं उदाहरण प्रसिद्ध आहे. एखादं दार ढकलायचं की ओढायचं हे कळत नसेल, त्यावर पाटी लावावी लागत असेल, तर दोष माणसाचा नाही, दाराचा आहे. अशा दारांना आज जगभर ‘नॉर्मन डोअर’ म्हणतात. आपल्या फोनमध्ये अशी दारं किती आहेत, हे मोजायला गेलो तर दिवस पुरणार नाही. त्यातल्या काही दारांची ओळख करून घेऊ या. दार का अडतं हे कळलं, की निदान स्वतःला दोष देणं तरी थांबतं.

ओटीपीची वाट

ओटीपीचा कंटाळा आला नाही असा माणूस सापडणं कठीण. पण त्याचा जन्म आपल्या भल्यासाठीच झाला आहे. रिझर्व्ह बँकेने १ ऑगस्ट २००९ पासून इंटरनेटवर कार्डाने पैसे देताना आणखी एक खातरजमा सक्तीची केली. म्हणजे कार्डावरचे आकडे चोराच्या हाती लागले तरी तेवढ्यावर त्याला खरेदी करता येऊ नये. आज ही खातरजमा बहुतेक वेळा ओटीपीनेच होते.

अडचण होते ती वाटेत. बँकेकडून निघालेला संदेश मोबाइल कंपनीच्या जाळ्यातून आपल्यापर्यंत येतो. कधी तो रेंगाळतो. आपण घाईने ‘पुन्हा पाठवा’ दाबतो. मग दोन ओटीपी एकामागोमाग येतात, आपण पहिला टाकतो आणि तो नाकारला जातो, कारण बहुतेक ठिकाणी शेवटी आलेलाच चालतो. म्हणून एकदा मागितल्यावर घड्याळ पूर्ण संपू द्यावं आणि सर्वांत नवीन संदेशातलाच आकडा टाकावा. आणि आकड्याच्या आधी त्या संदेशातली ओळ वाचावी. रक्कम किती, कोणासाठी, हे त्यात बहुधा लिहिलेलं असतं. ती ओळ न वाचता आकडा सांगितल्यामुळेच अनेकांचे पैसे गेले आहेत.

याहून मोठी अडचण आपल्या घरांच्या रचनेतून येते. आईबाबा नागपूरला किंवा इंदूरला, मुलगा बंगळूरुला. खातं उघडताना ‘माझाच नंबर टाका’ असं मुलाने सांगितलेलं असतं. आता बाबा बँकेत काउंटरवर उभे आणि ओटीपी मुलाच्या फोनवर. तो मीटिंगमध्ये. काही घरांत ज्या नंबरावर खातं जोडलेलं आहे, तो नंबर रिचार्ज न केल्याने केव्हाच बंद पडलेला असतो. हा नंबर म्हणजे आज आपल्या तिजोरीची किल्ली आहे. ज्याचं खातं त्याचाच नंबर, आणि तो चालू ठेवायचा, एवढी गोष्ट केली तरी निम्मी कटकट मिटते.

पासवर्डचा छळ

‘एक मोठं अक्षर, एक लहान, एक आकडा, एक विशेष चिन्ह. जुना पासवर्ड चालणार नाही. दर तीन महिन्यांनी बदला.’ हे नियम कुठून आले? बिल बर या अमेरिकन सरकारी अधिकाऱ्याने २००३ मध्ये तिथल्या प्रमाणीकरण संस्थेसाठी एक मार्गदर्शिका लिहिली. तिच्यातल्या सूचना जगभरच्या कंपन्यांनी उचलल्या. पुढे निवृत्त झाल्यावर, २०१७ मध्ये, त्याच बर यांनी या सल्ल्याबद्दल जाहीरपणे खंत व्यक्त केली. कारण उघड होतं. सारखा पासवर्ड बदलायला लावलं की माणसं शेवटचा १ काढून २ करतात. चोरालाही ते ठाऊक असतं.

त्याच वर्षी त्या संस्थेने आपले नियम बदलले. पासवर्ड फुटल्याची शंका नसेल तर तो ठरावीक काळाने बदलायला लावू नये आणि चिन्हांच्या सक्तीपेक्षा लांबीवर भर द्यावा, असं नव्या नियमांत आलं. तरीही आपल्याकडच्या कितीतरी साइट अजून २००३ मध्येच राहतात.

आपण काय करावं? पासवर्ड लांब असावा. एकमेकांशी संबंध नसलेले चार मराठी शब्द इंग्रजी लिपीत जोडून लिहिले, की ते आपल्याला आठवतात आणि यंत्राला ओळखायला अवघड जातात. मुलांची नावं, जन्मतारीख, गाडीचा नंबर नको. बँकेचा आणि ई-मेलचा पासवर्ड इतर कुठेही वापरू नये. लक्षात राहत नसतील तर फोनमधल्या पासवर्ड मॅनेजरची मदत घ्यावी. ज्येष्ठांनी घरच्या कपाटातल्या वहीत लिहून ठेवले तरी बिघडत नाही. सगळीकडे एकच पासवर्ड ठेवण्यापेक्षा ती वही पुष्कळ सुरक्षित. पिन मात्र वहीतही नको आणि फोनच्या कव्हरात तर मुळीच नको.

‘मी यंत्रमानव नाही’

वाकडीतिकडी अक्षरं ओळखा, सिग्नल असलेले चौकोन निवडा, मग तुम्ही माणूस आहात हे सिद्ध होतं. या परीक्षेला कॅप्चा म्हणतात. २००० सालच्या सुमारास कार्नेगी मेलन विद्यापीठातल्या लुईस वॉन आन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे तंत्र पुढे आणलं. हजारो खोटी खाती उघडणाऱ्या संगणकी प्रोग्रॅमना अडवणं हा त्यामागचा हेतू.

२००७ मध्ये यात एक गमतीदार भर पडली. लोकांना दोन शब्द दाखवले जाऊ लागले. एकाचं उत्तर यंत्राला माहीत असे. दुसरा जुन्या छापील पानावरून आलेला असे, जो यंत्राला वाचता येत नव्हता. लाखो लोकांनी तो ओळखता ओळखता जुनी वर्तमानपत्रं आणि पुस्तकं संगणकावर आली. २००९ मध्ये गूगलने हे तंत्र विकत घेतलं. म्हणजे तिकीट काढताना डोळे ताणून आपण जी अक्षरं वाचली, त्यातून नकळत ग्रंथालयाचंही काम झालं!

पण ज्यांना दिसतच नाही, त्यांनी काय करावं? मोतीबिंदू झालेल्या आजीने काय करावं? काही अ‍ॅप्स ओळख पटवण्यासाठी कॅमेऱ्यासमोर डोळे मिचकवायला सांगतात. अ‍ॅसिड हल्ल्यात ज्यांच्या पापण्या गेल्या, त्यांनी ते कसं करायचं? हाच प्रश्न घेऊन अशा हल्ल्यांतून वाचलेल्या स्त्रिया आणि एक दृष्टिहीन व्यक्ती सर्वोच्च न्यायालयात गेल्या. ३० एप्रिल २०२५ रोजी न्यायालयाने निकाल दिला. डिजिटल सेवांपर्यंत पोहोचता येणं हा राज्यघटनेच्या कलम २१ मधल्या जगण्याच्या हक्काचाच भाग आहे, असं न्यायालयाने म्हटलं आणि केवायसीची पद्धत सर्वांना जमेल अशी करण्यासाठी २० निर्देश दिले.

हा निकाल फक्त अपंग व्यक्तींपुरता महत्त्वाचा नाही. ‘मशीन घेत नाही, आम्ही काय करणार?’ हे उत्तर आता पुरेसं नाही, असा त्याचा साधा अर्थ आहे.

मशीनला बोट ओळखू येत नाही

दर नोव्हेंबरात पेन्शनधारकांना हयातीचा दाखला द्यावा लागतो. १० नोव्हेंबर २०१४ रोजी ‘जीवन प्रमाण’ ही डिजिटल सोय सुरू झाली. पण आयुष्यभर भांडी घासलेल्या, शेतात राबलेल्या हातांच्या बोटांवरच्या रेषा म्हातारपणी पुसट होतात. अंगठा पाच वेळा दाबूनही यंत्र म्हणतं, जुळत नाही. समोर बसलेला जिवंत माणूस यंत्राच्या लेखी नसतो!

यावर नोव्हेंबर २०२१ पासून चेहऱ्यावरून ओळख पटवण्याची सोय आली. साध्या अँड्रॉइड फोनच्या कॅमेऱ्याने घरी बसून हे काम होतं. उजेड समोरून असावा, पाठीमागे खिडकी नको, चष्म्यावर चकाकी येत असेल तर तो काढावा. घरात असा फोन नसेल तर पोस्टमनला घरी बोलावून दाखला देण्याची सेवाही इंडिया पोस्ट पेमेंट्स बँकेमार्फत मिळते. ८० वर्षांवरच्या पेन्शनधारकांना तर १ ऑक्टोबरपासूनच दाखला देता येतो, म्हणजे नोव्हेंबरच्या गर्दीत जायला नको.

नावात काय नाही!

मराठी माणसाला सगळ्यात जास्त छळतो तो नावाचा रकाना. आपलं नाव म्हणजे स्वतःचं, वडिलांचं किंवा नवऱ्याचं, आणि आडनाव. त्यात १ मे २०२४ आणि त्यानंतर जन्मलेल्या बाळांच्या नावात आईचं नावही लावायचं महाराष्ट्र सरकारने ठरवलं. चांगला निर्णय. पण फॉर्ममध्ये रकाने तीन आणि नावं चार! एका कागदावर वडिलांचं पूर्ण नाव, दुसऱ्यावर नुसतं आद्याक्षर. ‘दीपक’मधली ‘दी’ इंग्रजीत कोणी एका पद्धतीने लिहिली, कोणी दुसऱ्या. लग्नानंतर आडनाव बदललेल्या स्त्रियांची तर आणखीच तारांबळ. पॅन क्रमांकातलं पाचवं अक्षर आडनावाचं असतं. लग्नानंतर कार्डावरचं नाव बदलतं, पण क्रमांक तोच राहतो, त्यामुळे माहेरचं ते एक अक्षर जन्मभर सोबत करतं.

राज्याबाहेर राहणाऱ्यांना हा गोंधळ आणखी जाणवतो. तमिळनाडूत बरेच लोक आडनाव लावतच नाहीत, वडिलांच्या नावाचं आद्याक्षर लावतात. त्यांना ‘आडनाव भरणं बंधनकारक’ म्हणणारा फॉर्म अडवतो, आपल्याला मधलं नाव अडवतं. देश एवढा विविध, आणि फॉर्म मात्र एकाच साच्याचा.

हा गोंधळ नुसता त्रासाचा नाही, महागातही पडू शकतो. आधारशी न जोडलेले पॅन १ जुलै २०२३ पासून निष्क्रिय होऊ लागले, आणि नाव जुळत नसल्यानेही जोडणी अडते. म्हणून घरातल्या प्रत्येकाचे आधार, पॅन, बँक पासबुक आणि शाळेचा दाखला एकदा शेजारी शेजारी ठेवून बघा. कुठे फरक आहे ते लिहून काढा. आधारवरचं नाव साधारणपणे दोनदाच बदलता येतं, तेव्हा कोणतं नाव कायमचं ठेवायचं हे आधी ठरवा आणि मगच दुरुस्ती करा. हे काम गरज पडण्याआधी करायचं असतं. प्रवेशाच्या शेवटच्या दिवशी किंवा रुग्णालयाच्या काउंटरवर ते होत नाही.

पैसे गेले, पण पोहोचले नाहीत

यूपीआय २०१६ मध्ये सुरू झालं. ऑगस्ट २०२३ मध्ये एका महिन्यातल्या व्यवहारांनी १,००० कोटींचा टप्पा ओलांडला. एवढ्या गर्दीत काही व्यवहार अडकणारच. भाजीवालीच्या गाडीपुढे ‘प्रक्रिया सुरू आहे’ हे शब्द बघत उभं राहण्याची वेळ सगळ्यांवर आली असेल. मागे रांग वाढत असते, आणि ती बिचारी विचारते, ‘ताई, आवाज नाही आला.’

अशा वेळी नियम आपल्या बाजूने आहेत. रिझर्व्ह बँकेच्या सप्टेंबर २०१९ च्या परिपत्रकानुसार, यूपीआयने एखाद्याच्या खात्यात पाठवलेले पैसे कापले गेले पण पोहोचले नाहीत, तर ते दुसऱ्या दिवसापर्यंत परत यायला हवेत. दुकानदाराला दिलेल्या पैशांसाठी, तसंच एटीएममधून न निघालेल्या पैशांसाठी ही मुदत पाच दिवस आहे. त्यापुढे उशीर झाला तर बँकेने दर दिवसाला १०० रुपये भरपाई द्यायची आहे, तीही आपण मागितली नसली तरी. बँकेकडे तक्रार करून ३० दिवसांत उत्तर मिळालं नाही किंवा पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे फुकट दाद मागता येते. त्याची माहिती १४४४८ या क्रमांकावर मिळते. व्यवहाराचा क्रमांक आणि पडद्याचा फोटो तेवढा जपून ठेवा.

मुद्दाम केलेली अडचण

काही अडचणी निष्काळजीपणातून येतात, काही मात्र जाणूनबुजून रचलेल्या असतात. ‘फक्त २ शिल्लक, ५ मिनिटांत संपेल!’ अशी खोटी घाई. न विचारता टोपलीत टाकलेला विमा. वर्गणी सुरू करायला एक बटण, बंद करायला सात पानं. ‘नको, मला पैसे वाचवायचे नाहीत’ असं नकाराचं बटण, म्हणजे नाही म्हणताना आपल्यालाच लाज वाटावी. हॅरी ब्रिग्नल या ब्रिटिश तज्ज्ञाने २०१० मध्ये या युक्त्यांना ‘डार्क पॅटर्न’ असं नाव दिलं. भारतात केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३ रोजी अशा १३ प्रकारांवर बंदी घालणारी मार्गदर्शक तत्त्वं लागू केली. असं काही दिसलं तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार करता येते.

चिडचिड झाली की भामटा टपलेलाच

इथपर्यंतच्या गोष्टी वेळ खातात, डोकं उठवतात. पण खरा धोका याच्या पुढच्या पायरीवर आहे. पैसे अडकलेले, तिकीट रद्द होईना, मदतीचा नंबर साइटवर कुठे सापडेना. वैतागून आपण गूगलवर ‘कस्टमर केअर नंबर’ शोधतो. वर दिसणारा पहिला नंबर फिरवतो. पलीकडचा माणूस अतिशय गोड बोलतो. इतका वेळ यंत्राशी झगडल्यावर माणसाचा आवाज ऐकूनच बरं वाटतं. तो म्हणतो, ‘काका, काळजी करू नका, एक छोटं अ‍ॅप डाउनलोड करा, मी इथून करून देतो.’ ते अ‍ॅप आपल्या फोनचा पडदा त्याला दाखवत असतं. पुढचं सांगायला नको.

यात फसणारी माणसं बावळट नसतात. ती दमलेली असतात. खराब बनवलेली सेवा माणसाला थकवते आणि थकलेला माणूस भामट्याच्या हाती लागतो. म्हणून काही गोष्टी शांत डोक्याने आधीच ठरवून ठेवाव्यात.

बँकेचा मदत क्रमांक कार्डाच्या मागच्या बाजूला किंवा पासबुकावर असतो. तो आजच फोनमध्ये साठवा. रिझर्व्ह बँकेने बँकांना आपल्या साइट ३१ ऑक्टोबर २०२५ पर्यंत ‘डॉट बँक डॉट इन’ या पत्त्यावर नेण्याची मुदत दिली होती, तेव्हा पत्त्याचा शेवट बघायची सवय लावा. पैसे मिळवण्यासाठी यूपीआय पिन कधीच लागत नाही, तो फक्त देताना लागतो. फोनवर कोणी सांगितलेलं अ‍ॅप घ्यायचं नाही, मग बोलणारा कितीही सज्जन वाटो.

तरीही फसवणूक झालीच तर लाजून गप्प बसू नका. १९३० या क्रमांकावर लगेच फोन करा आणि बँकेलाही कळवा. पैसे पुढच्या खात्यात सरकण्याआधी अडवता येतात, म्हणून इथे एकेक मिनिट मोलाचं असतं. २०१७ च्या रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार, ज्यात बँकेचीही चूक नाही आणि आपलीही नाही असा अनधिकृत व्यवहार तीन कामकाजाच्या दिवसांत कळवला, तर नुकसान आपल्यावर येत नाही. आपण स्वतः ओटीपी सांगितला असेल तरी, कळवल्यानंतरचं नुकसान बँकेचं असतं. म्हणजे दोन्ही बाबतींत लवकर सांगणाऱ्याचाच फायदा. घरातल्यांनीही अशा वेळी ‘तुला सांगितलं होतं ना’ हे वाक्य गिळून टाकावं. ओरडा बसेल या भीतीने लपवलेले दोन दिवस सगळ्यात महाग पडतात.

फोन हिसकावू नका

शेवटी एक विनंती, घरातल्या तरुण मंडळींना. आई फोन घेऊन येते, ‘हे जरा बघ ना.’ आपण तो तिच्या हातातून घेतो, चार वेळा बोटं फिरवतो आणि ‘झालं’ म्हणून परत देतो. काम होतं, पण ती काहीच शिकत नाही. पुढच्या वेळी ती पुन्हा येते, जरा जास्त संकोचाने. काही दिवसांनी ती येणंच बंद करते आणि त्या गोड आवाजाच्या माणसाला फोन लावते.

त्यापेक्षा फोन तिच्याच हातात राहू द्या. शेजारी बसा. अक्षरं मोठी करून द्या, फोनची भाषा मराठी करून द्या, नको ती अ‍ॅप्स आणि सुप्रभातचे हजार फोटो काढून टाका. बटण तिलाच दाबू द्या. चुकली तर परत दाबू द्या. वीजबिल भरताना पहिल्या महिन्यात वीस मिनिटं जातील, दुसऱ्या महिन्यात दहा. आपण लहानपणी बाराखडी गिरवत होतो, तेव्हा तिने पाटी आपल्या हातातून काढून स्वतः अक्षरं काढली नव्हती.

यंत्रं सुधारतील, नियमही येतील. तोवर पडद्यावर ‘काहीतरी चुकलं आहे’ असं आलं, की घरातल्या मोठ्या माणसाला एवढंच सांगा, ‘तुझं नाही चुकलं. चल, दोघं मिळून बघू.’